सावकाश ये

तारुण्य आणि वेग यांचे सख्य फार जुने आहे. घोडे होते तेव्हा तरुणांनी घोडे दौडविले. बैलगाडीचा काळ होता तेव्हा सुगी आटोपताच शर्यती लावल्या. सायकल आली तेव्हा दोन्ही हात सोडून ती उतारावरून हाकली. पुढे फटफटी आली, आणि या जुन्या सख्याने एक नवेच रूप धारण केले. घोड्याला स्वतःचा जीव असतो. कड्याच्या टोकाशी तो आपण होऊन थांबतो. बैल दमतो. सायकलस्वाराला धाप लागते. फटफटीला यांपैकी काहीच ठाऊक नाही. मूठ पिळावी तितकी ती धावते, आणि थांबण्याची सारी अक्कल एकट्या स्वाराच्या डोक्यात असावी लागते. वयाच्या विसाव्या वर्षी ती तेथे किती असते, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

मी स्वतः फटफटी कधी चालविली नाही. परंतु माझ्या तरुणपणातील कितीतरी तास मी तिच्या मागच्या बैठकीवर घालविले आहेत, आणि त्याहून अधिक तास तिची वाट पाहण्यात. पुढे रुग्णपरिचारिका म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ चाकरी केली, तेव्हा या वेडाची तिसरी बाजूही जवळून पाहिली. आज साठी उलटल्यावर मागे वळून पाहताना या तिन्ही बाजू एकत्र दिसतात. म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमचे गाव खानापूर तालुक्यातले. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारी भावंडे दादा म्हणत असू, बेळगावला एका फौंड्रीत कामाला होते. १९७८ साली त्यांनी पगारातून पैसे साठवून एक जुनी येझदी विकत घेतली. म्हैसूरच्या कारखान्यात १९६० च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियातील जावा गाडीच्या धर्तीवर गाड्या बनू लागल्या होत्या. १९७३ पासून त्या येझदी या नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. त्या गाडीचा थाट आजच्या मुलांना सांगून कळावयाचा नाही. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्येच मिसळावयाचे तेल, मागे रेंगाळणारा निळसर धूर, आणि डाव्या पायाशी एकच दांडी. तीच उभी करून लाथ मारावयाची आणि तीच आडवी करून गिअर बदलावयाचा! गाडी अंगणात आली त्या दिवशी शेजारपाजारची मुले तिच्याभोवती जमली होती. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिले, आणि "बैलजोडी आली असती या पैशात" एवढेच म्हणून ते गोठ्याकडे निघून गेले.

आईचे मात्र निराळे झाले. तिने काही दिवसांतच त्या गाडीचा आवाज पाठ केला. बुलेट असेल तर तिचा ठोका सावकाश आणि जड. राजदूतचा कोरडा, तुटक. आणि आमच्या येझदीचा भरदार, थोडासा घोगरा. रात्री दिवा कमी करून ती चुलीजवळ बसे. गावाबाहेरच्या मोरीवर आवाज उमटला की तिचा हात आपोआप भाकरीच्या टोपल्याकडे जाई. तो आवाज दुसऱ्या गाडीचा निघाला तर टोपल्यावरचे फडके ती पुन्हा नीट करून ठेवी. त्या काळी गावात दूरध्वनी नव्हता. मुलगा सुखरूप आहे की नाही, हे कळण्याचे साधन म्हणजे आईचे कान.

आणि मुलगा काय करीत होता? दादांची पाच-सहा सोबत्यांची एक टोळी होती. कोणाकडे बुलेट, कोणाकडे राजदूत, तर कोणी दुसऱ्याच्या मागे बसणारा. त्यांचे पराक्रम पुढे दादांच्याच तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळले. चांदण्या रात्री मुद्दाम दिवा मालवून गाडी पळवावयाची. एका गाडीवर तिघांनी बसावयाचे. एस.टी. आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामधल्या फटीतून निसटावयाचे. आणि सर्वांत आवडता खेळ म्हणजे गोव्याला जाताना अनमोडचा घाट इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून उतरावयाचा. पेट्रोल वाचते हे निमित्त. खरी मौज त्या निःशब्द वेगाची. आवाज नाही, धूर नाही, फक्त कानांत वारा, दोन्ही बाजूंना रान आणि खाली मोलेपर्यंत वळणांमागून वळणे. अशा उतारावर इंजिनाचा जो थोडाफार आवर असतो तोही सुटतो, आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरीत नाहीत. हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, म्हणूनच तर खेळ होता!

अशा तरुणांना गाव उनाड म्हणत असे. मला तो शब्द कधी पटला नाही. ती मुले व्यसनी नव्हती, आळशीही नव्हती. आठवडाभर फौंड्रीच्या भट्टीपुढे उभी राहत, सुगीत बापाच्या हाताखाली राबत, बहिणींच्या लग्नांचे कर्ज फेडीत. पुष्कळ विचार केल्यावर मला असे वाटते की, त्यांच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कोणीतरी ठरविलेली होती. जमिनीचे बापाने ठरविले, पगाराचे मालकाने, लग्नाचे वडीलधाऱ्यांनी. एक उजव्या हातातली मूठ तेवढी त्यांची स्वतःची होती. ती किती पिळावयाची हे विचारणारे रस्त्यावर कोणी नव्हते. ज्याला घरी आणि कामावर कोणी काही विचारीत नाही, त्याला आपण कोणीतरी आहोत हे सिद्ध करावयास वेग फार सोपे साधन वाटते.

त्या वेगात आनंद होता, हेही नाकारू नये. दादा मला खानापूरच्या शाळेत पोहोचवीत, फेस्ताला मावशीकडे नेत. माझ्यासोबत असताना ते गाडी बेताने हाकीत. बहीण मागे बसली आहे याचे भान त्यांना असे. तरीही पहाटेच्या धुक्यातून जाताना भाताच्या खाचरांचा ओला वास अंगावर येई, आणि आठ-दहा मैलांपलीकडचे जग एकाएकी आपलेसे वाटू लागे. ज्या वडीलधाऱ्यांना हा आनंद ठाऊक नसतो, त्यांचा उपदेश तरुणांच्या कानापर्यंत पोहोचत नाही. तरुणाला वाटते, यांना काय कळते? आणि तेवढ्यापुरते त्याचे खरेही असते.

१९८३ च्या पावसाळ्यात ती टोळी मोडली. तिच्यातला एक जण, वय वर्षे तेवीस, मोल्याकडे उतरताना वळणावर गेला. त्या दिवशी दोघा सोबत्यांनी हौसेने गाड्यांची अदलाबदल केली होती. आता येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. येझदीचे नेमके उलट. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीकच होत्या, गाड्यांचा त्यात काही दोष नव्हता. परंतु पायाला लागलेली सवय मनाला विचारून चालत नाही. सपाट रस्त्यावर, सावकाश जाताना, स्वार आठवण ठेवू शकतो. वळणावर अचानक ट्रक दिसला की आठवण ठेवावयास वेळ नसतो. पाय आपला जुन्या जागी जातो. त्या मुलाचा पाय ब्रेक शोधीत गेला आणि गिअरवर पडला. रस्ता ओला होता. डोक्यावर काही नव्हते. आमच्या भागात त्या काळी हेल्मेट कोणी वापरीतच नसे. त्याच्या हातापायांना फारशी इजा झालेली नव्हती, असे पाहणारे सांगत. लागले ते फक्त डोक्याला.

त्याची आई पुढे पुष्कळ वर्षे जगली. फटफटीचा आवाज आला की ती माउली दाराशी येऊन उभी राही. मुलगा आता येणार नाही हे तिला कळत होते. तिच्या कानांना ते शेवटपर्यंत कळले नाही.

दादांनी त्यानंतर गाडी विकली नाही, पण महिनेच्या महिने तिला हातही लावला नाही. घरात त्या विषयावर कोणी बोलत नसे. बाबा दोनदा काही बोलावयास गेले, आणि दोन्ही वेळा दादा ताटावरून उठून गेले. मग आईने जे केले ते मी जन्मभर विसरणार नाही. १९८४ च्या अखेरीस जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दहा वर्षांनी येणारे दर्शन होते. गावची माणसे बसने निघाली होती. आई म्हणाली, "मी बसने जाणार नाही. तू मला तुझ्या गाडीवरून ने. अनमोडवरून."

दादा म्हणाले, "आई, त्या रस्त्याने नको."

"त्याच रस्त्याने," आई म्हणाली. "घाई नाही. संध्याकाळपर्यंत पोहोचलो तरी चालेल."

पन्नाशीची ती बाई, आयुष्यात प्रथमच, लुगड्याचा पदर घट्ट खोचून फटफटीवर बसली. घाटात दादा इतक्या सावकाश उतरले की भरलेले ट्रकसुद्धा त्यांना मागे टाकून गेले. जेथे ते मूल गेले त्या वळणावर आईने गाडी थांबवावयास सांगितली. दोघे खाली उतरली. तेथे काय बोलणे झाले ते दोघांपैकी कोणीही कधी सांगितले नाही. परत आल्यावर आई मला एवढेच म्हणाली, "एवढे सुंदर रान आहे त्या घाटात. मी त्याला म्हटले, तू कधी बोलला नाहीस रे! तर म्हणतो, मी ते कधी पाहिलेच नव्हते." त्या वाक्यात मला वेगाची सारी किंमत सापडली. ज्याच्यासाठी माणूस घराबाहेर पडतो तेच वेगात दिसेनासे होते.

दादा आज सत्तरीच्या पुढे आहेत. नंतरही त्यांनी वीस वर्षे गाडी चालविली, आणि त्या गाडीचा आवाज मोरीवर येण्याची वेळ सहसा चुकली नाही.

मी त्या काळात परिचारिकेचे शिक्षण घेत होते. पुढे शस्त्रक्रियेच्या विभागात काम करताना जे पाहिले त्याचे वर्णन कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या पत्रात करू नये. परंतु दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण त्या साध्या हिशेबाच्या आहेत.

पहिली वेगाची. वेग दुप्पट झाला की थांबावयास लागणारे अंतर दुप्पट होईल अशी आपली समजूत असते. तसे नाही, ब्रेक धरल्यानंतरचे अंतर चौपट होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार संकट दिसल्यावर ब्रेक दाबीपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात ११ मीटर पुढे जातो, आणि कोरड्या रस्त्यावर आणखी साधारण १२ मीटरांवर थांबतो. एकूण २३ मीटर. ताशी ८० वेगाने जाणारा एका सेकंदात २२ मीटर जातो आणि पुढे सुमारे ४९ मीटरांवर थांबतो. एकूण ७१. वासरू रस्त्यावर ३० मीटरांवर आडवे आले तर पहिला त्याच्या अलीकडे थांबून त्याला हाकलतो. दुसऱ्याच्या पुढ्यात अद्याप चाळीस मीटरांची धाव शिल्लक असते. हात कितीही तयार असो, या गणिताला लाच देता येत नाही.

दुसरी गोष्ट डोक्याची. अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून जगाला ठाऊक असलेला इंग्रज सेनानी टी. ई. लॉरेन्स याला फटफटीचे अतोनात वेड होते. महायुद्धाच्या रणांगणातून तो वाचला. परंतु १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात, सायकलवरील दोन मुलांना चुकविताना, आपल्या आवडत्या गाडीवरून फेकला गेला. सहा दिवस बेशुद्ध राहून तो वयाच्या ४६ व्या वर्षी वारला. त्याला पाहावयास आलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूने त्यांच्या मनात घर केले. फटफटीवर निरोप पोहोचविणाऱ्या सैनिकांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि १९४१ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला की, शिरस्त्राणाने जीव वाचतात. लष्कराने ते मानले. सर्वसामान्य स्वारांसाठी ब्रिटनमध्ये सक्तीचा कायदा होण्यास मात्र १९७३ साल उजाडावे लागले. पुढे निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असे दिसले की, हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने हेल्मेट बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येक जण, म्हणजे मागे बसणारासुद्धा, त्यात स्पष्टपणे आला. तरीही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. ५०,०२९ मृतांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि त्यांतील १४,३३७ जण गाडी चालविणारे नव्हेत, मागे बसलेले होते. मागच्या बैठकीवर आयुष्याचा काही भाग घालविलेल्या माझ्यासारखीला हा शेवटचा आकडा विशेष बोचतो. गाडी चालविणाऱ्याचा निर्णय मागे बसणारी बहीण, बायको, लेकरू यांच्याही वाट्याला येतो, आणि त्यांच्या हाती मूठ नसते.

आजच्या गाड्या पूर्वीपेक्षा चांगल्या आहेत, हे खरे. गिअर आणि ब्रेक यांच्या जागा आता सर्वत्र सारख्या आहेत. २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या गाड्यांना चाक घसरू न देणारी ब्रेकची व्यवस्था असावीच लागते. परंतु दादांच्या येझदीची शक्ती तेरा अश्वशक्तीच्या आसपास होती. आज शहरात शिकणाऱ्या मुलाला तिच्या दुप्पट शक्तीची गाडी सहज मिळते. मुलगा मात्र तोच आहे. वीस वर्षांचे रक्त १९७८ साली जितके उष्ण होते तितकेच आजही आहे.

मग वडीलधाऱ्यांनी काय करावे? गाडी घेऊन देऊ नये, असे मी म्हणणार नाही. गावापासून नोकरी आणि कॉलेज दूर असते. दुचाकीवाचून पुष्कळ घरांचे चालत नाही. परंतु अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी "मुलगा हुशार आहे, चालवितो" या कौतुकाने किल्ली त्याच्या हाती देऊ नये. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर २०१९ पासून कायदा पालकालाच जबाबदार धरतो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी ती शिक्षा आहे. गाडी घेताना दोन हेल्मेट घ्यावीत, एक नव्हे. आणि ती खुंटीला न टांगता डोक्यावर, पट्टा आवळून वापरावीत. रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर पोलिसांच्या भयाने पुढे जाऊ नये. मदत करणाऱ्याला आता कायद्याचे संरक्षण आहे. स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर होत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, त्याची मान हिसकू नये, श्वास मोकळा आहे ना एवढे पाहावे आणि लवकरात लवकर त्याला दवाखान्यात पोहोचवावे.

आणि शेवटची एक फार लहान गोष्ट, जी मी आईकडून शिकले. घरातून निघणाऱ्याला आपण सवयीने "लवकर ये" म्हणतो. प्रेमाचाच शब्द तो. परंतु गाडीवर बसणाऱ्याच्या कानात तो हुकूम होऊन बसतो. उशीर झाला की त्याला आईचा चेहरा दिसतो, जेवण निवलेले दिसते, आणि मूठ आपोआप पिळली जाते. आता तर खिशातला फोनही वाटेत वाजत राहतो: "कुठवर आलास? किती वेळ?" १९८३ नंतर आमच्या आईने "लवकर ये" हा शब्द घरातून कायमचा काढून टाकला. कोणीही बाहेर पडो, दादा असोत, बाबा असोत, दूधवाला असो, ती दारात येऊन एकच म्हणे, "सावकाश ये. मी जागी आहे."

या पाच शब्दांना पैसा पडत नाही. त्यांत उपदेश नाही, धाक नाही. उशीर झाला तरी तुझे ताट झाकून ठेवलेले असेल, एवढे फक्त आश्वासन आहे. ज्या तरुणाला आपल्या घरी आपली किंमत आहे हे ठाऊक असते, त्याला ती रस्त्यावर सिद्ध करावी लागत नाही. आज संध्याकाळी आपल्याही घरातून कोणी गाडी काढील. दाराशी जावे, हेल्मेटचा पट्टा लावला आहे ना ते पाहावे, आणि म्हणावे, "सावकाश ये."